एक मंडप, दोन पासपोर्ट

माळव्यातील मराठी घराण्यांना स्थलांतर नवे नाही. शिंद्यांच्या काळात नर्मदा ओलांडून आलेली कुटुंबे उज्जयिनीत स्थिरावली आणि इंदूर, ग्वाल्हेर, पुणे अशी त्यांची सोयरीक पसरत गेली. आता ती समुद्रापार पोहोचली आहे. भैरवगढच्या छपाईच्या चादरी रुखवतात मांडून मुलीची परदेशी पाठवणी करणारी घरे आपल्यात विरळा राहिलेली नाहीत.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत या विषयाचा आरंभ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मरणाने व्हावा, हे उचितच. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १९३८ साली पाच जणांच्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला. १९४१ मध्ये त्याने तेथील परिचारिका गुओ छिंगलान हिच्याशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ; ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. डिसेंबर १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉ. कोटणीस निवर्तले. युद्धाच्या धामधुमीतील त्या जोडप्याला कोणत्याही वकिलातीच्या खिडकीशी उभे राहावे लागले नाही. आज मात्र दोन देशांच्या वधूवरांना मनाचा मेळ जमल्यावर कागदांचाही मेळ जमवावा लागतो, आणि तेथे क्रम चुकला तर वर्षे वाया जातात.

द्विराष्ट्रीय विवाह म्हटला की गोरा जावई डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात आपल्या समाजात अशा विवाहांत पुष्कळदा दोघेही मराठीच असतात. फक्त एकाच्या हाती परदेशी पासपोर्ट असतो. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, आणि ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. म्हणून अमेरिकेचे स्थळ पाहताना पत्रिकेइतक्याच आवर्जून एक प्रश्न विचारावा : मुलगा अथवा मुलगी तेथील नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे, की एच-१बी व्हिसावर नोकरी करीत आहे? या तिन्ही उत्तरांचे मार्ग वेगळे आहेत. एच-१बीधारकाच्या जोडीदाराला विवाहानंतर एच-४ व्हिसा मिळतो. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला वार्षिक मर्यादेच्या रांगेत थांबावे लागते. नागरिकाला मात्र दोन वाटा मोकळ्या असतात.

पहिली वाट के-१ व्हिसाची, म्हणजे वाग्दत्त वधू वा वराची. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. केवळ दूरध्वनीवरील पसंती सहसा पुरत नाही. अमेरिकेत पोहोचल्यापासून ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी विवाह करून कायम वास्तव्यासाठी अर्ज करावयाचा असतो. दुसरी वाट आधी विवाह करून पती-पत्नीच्या नात्याने जाण्याची. प्रवेशाच्या वेळी विवाहाला दोन वर्षे झाली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त व दोन वर्षांचे मिळते. अट काढून घेण्याचा अर्ज त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत करावा लागतो.

येथे आपल्या चालीरीतींशी एक गाठ पडते. के-१ हा अविवाहितांसाठी आहे. आजीच्या आग्रहाखातर उज्जैनमध्ये सप्तपदी उरकून घेतली आणि ती छायाचित्रे अर्जासोबत गेली, तर अधिकारी ‘तुमचा विवाह झालेला आहे’ असे म्हणून अर्ज नाकारू शकतात. के-१ घ्यावयाचा असेल तर येथे साखरपुडाच करावा. धार्मिक विवाह येथेच हवा असेल तर दुसरी वाट धरावी. तिसरी पळवाट, म्हणजे पर्यटक व्हिसावर जाऊन तेथेच लग्न करून राहण्याचा बेत, मुळीच योजू नये. तो बेत लपवून केलेला प्रवेश ही फसवणूक ठरू शकते आणि तिचा डाग पुढील प्रत्येक अर्जावर राहतो.

इतर देशांचे नियम याहून भिन्न आहेत. ब्रिटनचा वाग्दत्तांचा व्हिसा सहा महिन्यांचा असून त्यावर नोकरी करता येत नाही. तेथे जोडीदाराला बोलावण्यासाठी लागणारी किमान वार्षिक मिळकत ११ एप्रिल २०२४ रोजी १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेण्यात आली. कॅनडाने वाग्दत्तांचा वर्ग २००२ सालीच बंद केला. ऑस्ट्रेलियात मात्र नियोजित विवाहासाठी स्वतंत्र व्हिसा आहे.

संसार भारतात थाटावयाचा असेल तर आपल्या कायद्याकडे वळावे. वधूवर भिन्नधर्मीय असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवे, आणि नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावे लागते. पंधरा दिवसांच्या रजेत हे बसत नाही, हे व्याह्यांना आधीच कळवावे. हिंदू आणि ख्रिस्ती यांचा हिंदू विवाह कायद्याखाली झालेला विवाह वैध नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला आहे. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला एंट्री व्हिसा मिळतो. विवाहाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षे झाल्यावर त्याला ओसीआयसाठी अर्ज करता येतो; पाकिस्तान व बांगलादेश येथील नागरिकांना ही सवलत नाही. विवाह कायद्याने संपुष्टात आल्यास असे कार्ड रद्द होऊ शकते.

आता थोडे आपल्या व्यवसायाविषयी. ज्यांना मी पाळण्यात लसी टोचल्या ती मुले आता जुने लसीकरणाचे कार्ड शोधत दारी येतात. अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी लसींची नोंद लागते, आणि नव्वदच्या दशकातील सरकारी वेळापत्रकात हिपॅटायटिस-बी, गालगुंड, जर्मन गोवर व कांजण्या यांच्या लसी नव्हत्या. यांपैकी शेवटच्या तीन जिवंत लसी आहेत. त्या गरोदरपणी देता येत नाहीत व घेतल्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून त्या लग्नाआधीच पूर्ण कराव्यात. व्हिसाची तपासणी त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. आपला दाखला तेथे चालत नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयाची शंका आली तर थुंकीच्या कल्चरसाठी आठ आठवडे लागू शकतात. पूर्वी क्षयाचे उपचार घेतले असतील तर ते कागद जपून ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बाळाचा. १९९२ पर्यंत परदेशात जन्मलेल्या अपत्याला भारतीय नागरिकत्व केवळ पित्याकडून मिळे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने मातेलाही तो अधिकार दिला. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र परदेशी जन्मलेल्या अपत्याची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि त्याच्याकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. मुले पळवून नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. संसार विस्कटला तर बाळाचा ताबा दोन देशांच्या न्यायालयांत अडकतो आणि त्याची झळ सर्वाधिक बाळालाच बसते.

तेव्हा उपवर मुलांच्या आईवडिलांना एवढीच विनंती, की मुहूर्त काढण्यापूर्वी बिऱ्हाड कोठे होणार ते ठरवावे. त्यावरून विवाहाचे स्थळ व कायदा ठरेल, आणि त्यानंतरच व्हिसाचा अर्ज भरावा. नियम वरचेवर बदलतात. अर्ज करतेवेळी वकिलातीचे ताजे नियम स्वतः वाचावेत, एजंटाच्या शब्दावर विसंबू नये. आणि ते होणाऱ्या वधूवरांनी एकत्र बसून वाचावेत, कारण त्या कागदांवर सही त्या दोघांनाच करावयाची आहे.