संशोधनाचे मोजमाप : गडचिरोली ते भोपाळ

वैद्यकीय संशोधकाचा परिचय करून देताना त्याच्या शोधनिबंधांची संख्या, सायटेशन आणि एच-इंडेक्स हे आकडे आवर्जून सांगितले जातात. डॉक्टर मंडळींना हे शब्द परिचित आहेत. परंतु इतर सुज्ञ वाचकांसही त्यांचा अर्थ कळावा आणि या आकड्यांचे खरे मोल किती, याचा विचार व्हावा, यासाठी हा लेखप्रपंच.

एका निबंधाचा आधार दुसऱ्या निबंधाने नामोल्लेखासह घेतला, की पहिल्याच्या खाती एक सायटेशन जमा होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी अशा उल्लेखांची पद्धतशीर सूची प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचविला. निबंधांपैकी वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले, पण एकवीस निबंधांना प्रत्येकी एकवीस मिळाले नाहीत, तर एच-इंडेक्स वीस.

श्वसनमार्गाच्या संसर्गजन्य रोगांतील एक उदाहरण पाहू. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यात बालकांच्या न्यूमोनियावर केलेला अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ५८ गावांत आरोग्यसेवक व दाई यांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल देण्याचे शिक्षण देण्यात आले; ४४ गावे तुलनेसाठी होती. उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांतील रुग्णांत ते १३.५ टक्के आढळले. अर्भकमृत्यूचा दर अनुक्रमे ८९ आणि १२१ होता.

या निबंधाचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अशाच नऊ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात गडचिरोलीचाही समावेश होता. गावपातळीवरील उपचारांमुळे पाच वर्षांखालील बालकांचे एकूण मृत्यू सुमारे २४ टक्क्यांनी घटतात, असा त्याचा निष्कर्ष होता. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे या पद्धतीचा पुरस्कार केला. सायटेशनचे सार्थक ते हेच : एकाचे निरीक्षण दुसऱ्याने तपासावे आणि त्यातून धोरण घडावे.

मात्र केवळ आकड्यांवर विसंबणे धोक्याचे. उल्लेख खंडनासाठीही होतो. कोविडकाळात, मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा निबंध मूळ माहितीची शहानिशा होऊ न शकल्याने जूनमध्ये मागे घेतला गेला. तरीही त्याचे उल्लेख होतच राहिले. शिवाय साथीच्या रोगावरील निबंधांस अल्पावधीत हजारो उल्लेख मिळतात, तर दुर्लक्षित रोगाचा अभ्यासक उपेक्षित राहतो. त्याची योग्यता त्यामुळे उणी ठरत नाही.

आणि जे प्रसिद्धच झाले नाही, त्याचे काय? हा प्रश्न आम्हां भोपाळकरांच्या जिव्हाळ्याचा आहे. गॅसबाधा हा संसर्ग नव्हे. पण घाव फुफ्फुसांवरच होता. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर मुंबईच्या डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी बाधितांच्या फुफ्फुसांविषयीची प्रारंभिक निरीक्षणे १९८५ मध्येच 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये मांडली. याउलट भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ ते १९९४ या काळात केलेल्या दीर्घकालीन लोकसंख्याधारित अभ्यासाचा तांत्रिक अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात काही निबंध आले खरे. तथापि समग्र निष्कर्षांसाठी रुग्णांना आणि त्यांच्या डॉक्टरांना दहा वर्षे थांबावे लागले. कपाटातील कागदाला सायटेशन मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याचा रुग्णाला उपयोग होत नाही.

म्हणूनच आपल्या व्यवसायबंधूंना नम्र विनंती, की दवाखान्यातील नोंदी नीट जपाव्यात आणि उल्लेखनीय ते वेळेवर लिहून प्रसिद्ध करावे, मग ते नियतकालिक कितीही लहान असो. समाजबांधवांनीही संशोधकाचा गौरव करताना 'किती निबंध?' याबरोबरच 'त्यातून कोणाचा श्वास सुकर झाला?' हेही अवश्य विचारावे.