गिअर अडकतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी अनेक गाड्या अजून धावताहेत. गिअर अडकू लागला की ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’, असे गॅरेजवाले सांगतात. खर्च मोठा, दोष कदाचित क्लचचा असतो. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, सुरू असताना अडकतात? मग आधी क्लच केबल पाहा. एकाच गिअरला खरखर येत असेल, तर मात्र सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असू शकते.

ऑइल तपासायला बहुतेक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागी उभी करून बाजूचा फिलर प्लग उघडावा. ऑइल भोकाच्या कडेपर्यंत हवे. बदलताना हा प्लग सुटतोय याची खात्री करूनच खालचा ड्रेन प्लग काढावा. नाहीतर गिअरबॉक्स रिकामा आणि ऑइल भरायला वाट नाही! मॅन्युअलमध्ये जीएल-४ असेल, तर ‘भारीतले’ म्हणून जीएल-५ घालू नये; त्यातल्या रसायनांनी पितळी रिंग खराब होऊ शकते.