एक्सपीची अमदानी

'विंडोज 10'ला फुकट सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि ज्यांची यंत्रे आदल्या दिवसापर्यंत विनातक्रार चाकरी बजावीत होती अशा असंख्य गृहस्थांना ती यंत्रे एकाएकी कालबाह्य ठरल्याचे वर्तमान कळले. पुढच्या आवृत्तीत रीतसर प्रवेश मिळावयाचा तर 'टीपीएम 2.0' नामक सुरक्षा-व्यवस्था हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो स्थूलमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा; या अटी न पुरविणारे यंत्र कितीही धडधाकट असो, ते बेदखल. मराठी मजकूर जुळविण्याच्या धंद्यात ज्यांचे केस पिकले, त्यांना या फर्मानाचे नवल वाटले नसेल, कारण असली फर्माने त्यांनी पूर्वी सोसली आहेत, आणि तीही अधिक जिव्हारी लागणारी.

विंडोज 95 आणि 98 यांची राजवट मी झपाट्याने ओलांडतो. ऐन प्रुफाच्या वेळी पडदा निळा व्हावा आणि न जतन केलेले पान लुप्त व्हावे, यापलीकडे तिच्यात स्मरणीय असे फारसे नाही. 'मिलेनियम' आवृत्तीविषयी तर मौन बाळगणेच शिष्टसंमत.

25 ऑक्टोबर 2001 रोजी 'एक्सपी' बाजारात आली आणि आमच्या दशकाला प्रारंभ झाला. अवघ्या 128 एमबी स्मृतीवर सुखाने चालणारी, एनटीच्या भक्कम पायावर उभी असलेली ती प्रणाली पुण्याच्या पेठांतून, जिन्याखालच्या अरुंद खोल्यांतून आणि छापखान्यांच्या पोटमाळ्यांवरून अशी काही स्थिरावली, की श्रावण सरताच दिवाळी अंकांचा मजकूर येऊ लागे तेव्हा डीटीपी ऑपरेटरची बोटे, पेजमेकरचे पान आणि लेसर प्रिंटरमधून निघणारे बटर पेपर यांची लय रात्री-अपरात्रीही मोडत नसे. लिपीचे संच निरनिराळे होते. कीबोर्डाच्या रचनाही निरनिराळ्या, आणि एका रचनेवर बसलेला हात दुसरीवर अडखळे. पण मराठी अक्षर देखणे उमटे, 'श' आणि 'ल' आपल्या मराठी वळणाने येत, आणि त्या काळी मंगल फॉन्टात दिसणारे त्यांचे हिंदी रूप पाहून आमचे मुद्रितशोधक नाक मुरडीत.

या व्यवस्थेत एक मूळचे व्यंग होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हे संच मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवीत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. युनिकोडचा मार्ग एक्सपीतही उपलब्ध होता, मात्र त्यासाठी प्रादेशिक भाषांच्या दालनात जाऊन एक खूण करावी लागे आणि मूळ सीडी शोधून आणावी लागे, आणि एवढा खटाटोप करूनही पेजमेकरला युनिकोडचा गंध नव्हताच.

मग 2007 साली व्हिस्टा आली, 2009 साली 'विंडोज 7', आणि त्यांच्यासोबत 64-बिट यंत्रांचा सुळसुळाट. नव्या प्रणालीत देवनागरी उपजतच होती, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण 64-बिट आवृत्तीत 16-बिट कार्यक्रम मुळी चालत नाहीत, आणि स्वाक्षरीविना ड्रायव्हर ती स्वीकारीत नाही, या दोन कलमांनी आमचे अर्धे दप्तर जप्त झाले. आम्ही रोख पैसे मोजून घेतलेल्या एका लिपी-संचाचे लॉक, जे प्रिंटरच्या पोर्टात खोचल्याशिवाय एक अक्षर उमटत नसे, ते नव्या यंत्राने ओळखलेच नाही. विक्रेत्याकडे तगादा लावला तेव्हा उत्तर आले, की नवी आवृत्ती विकत घ्यावी. ती घेतली, तर तिच्यात जोडाक्षरांचे संकेत बदललेले, त्यामुळे जुन्या फाइलींत 'क्ष' आणि 'त्र' यांच्या जागी भलतीच चिन्हे अवतरली. रूपांतर करणारे कार्यक्रम आले खरे, पण जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली आणि युनिकोडमध्ये ती नंतर, रफाराचे नेमके उलट. परिणामी रूपांतरित मजकूर पुन्हा ओळीओळीने वाचल्यावाचून छापण्याजोगा राहत नसे. आमच्या 'ॲ'ला स्वतंत्र स्थान देण्यास युनिकोडलाही 2008 साल उजाडावे लागले!

एक्सपीचा सांभाळ 8 एप्रिल 2014 रोजी थांबला. त्यानंतरही कित्येक छापखान्यांत एक जुने यंत्र, इंटरनेटची तार काढून घेऊन, केवळ जुन्या फाइली उघडण्याकरिता कोपऱ्यात तैनात राहिले. पुढच्या आवृत्त्यांविषयी लिहावे असे थोडेच आहे: आठवीने स्टार्ट मेनू हिरावला, दहावीने जवळजवळ तोच परत केला, आणि अकरावीची गृहोपयोगी आवृत्ती आता प्रारंभीच इंटरनेट आणि ऑनलाइन खाते मागते, म्हणजे स्वतःच्या घरात शिरण्यासाठी परक्याकडून परवाना घ्यावयाचा.

ज्या संपादकांच्या, प्रकाशकांच्या आणि लेखकांच्या कपाटांत त्या दशकातल्या सीडी पडून आहेत त्यांना माझी विनंती एवढीच, की कोपऱ्यातले ते एक्सपीचे यंत्र भंगारात घालण्यापूर्वी, फॉन्ट आणि लॉक दोन्ही शाबूत असतानाच, प्रत्येक फाइलीची पीडीएफ करून घ्यावी, मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि तो एखाद्या जाणत्या मुद्रितशोधकाच्या नजरेखालून, त्याचा योग्य मेहनताना देऊन, घालावा.