नमुना एकच असेल तर? जुन्या वस्तऱ्यावरून समजून घेऊ

पीएच.डी.च्या पेट परीक्षेची तयारी करणारे बरेच जण म्हणतात, संशोधन पद्धती पाठ होते, पण हातात काही येत नाही. म्हणून आज पुस्तक बाजूला ठेवू आणि एक गंजलेला वस्तरा घेऊ.

न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या धोकटीतला अखंड पात्याचा वस्तरा आता कोरपना काय नि चंद्रपूर काय, दुकानात सहसा दिसत नाही. एड्सबद्दल जागृती झाली, तसा अर्धं ब्लेड बदलायचा वस्तरा आला आणि ते योग्यच झालं. जुने वस्तरे मात्र घरातल्या पेट्यांमध्ये पडून असतात. असा एखादा नवशिक्यालाही हाताने नीट करता येतो. अडचण एकच: घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

आधी बघा. लगेच घासायला घेऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी मोजून वहीत लिहा. मग दहापट भिंगातून धार बघा. पात्याच्या मधल्या भागावरचा गंज दिसायला वाईट, पण तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. धारेजवळचे खड्डे मात्र धोक्याचे, कारण धार तिथपर्यंत झिजली की तिथेच तुकडा उडतो. पात्याला तडा असेल तर विषय संपला, तो वस्तरा फक्त आठवण म्हणून ठेवा.

सौम्य उपाय आधी. तेल लावून ठेवा, फडक्याने पुसा. तेवढ्याने भागलं नाही तरच बारीक वॉटर पेपर घ्या. काळे डाग राहिले तर राहू द्या. ग्राइंडरला तर हातच लावू नका. पातळ धार क्षणात तापते. पोलादावर निळी झाक दिसली म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं आणि तिथलं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

कोन कुठून येतो? वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात. म्हणजे कोन तुमच्या हातावर नाही, वस्तऱ्याच्या मापावर ठरतो. पाठ ५ मिमी जाड आणि पातं १८ मिमी रुंद असेल, तर कोन साधारण १६ अंश. पाठ तेवढीच राहून पातं झिजत १५ मिमीवर आलं, तर तोच कोन १९ अंशांवर जातो आणि वस्तरा बोथट वाटू लागतो. म्हणून पाठ उचलायची नाही. पाठही धारेबरोबर थोडी झिजली तरच कोन टिकतो.

अंदाज तपासा. पातं दगडावर नीट टेकतंय असं आपल्याला वाटतं. पण खरंच टेकतंय का? धारेच्या काठावर मार्करने शाई लावा, १००० नंबरच्या दगडावर हलके चार हात मारा आणि भिंगातून बघा. शाई जिथे उरली, तिथे दगड पोचलेला नाही. अख्ख्या लांबीची शाई पुसली जाईपर्यंत पुढच्या बारीक दगडावर जायचं नाही. ४०००, ८००० नंबरचे दगड पहिल्या दगडाचं राहिलेलं काम भरून काढत नाहीत, ते फक्त चकाकी देतात. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचं, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. उलटं केलंत तर पट्टाच कापला जाईल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दगड, दाब आणि कोन एकदम बदलले तर फरक कशाने पडला, हे कळणारच नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात संशोधन कुठे आलं? २०२० साली 'सायन्स'मध्ये एमआयटीच्या संशोधकांचा एक निबंध आला. प्रश्न साधा: केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ, तरी ब्लेड बोथट का होतं? त्यातल्या पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःची दाढी केली आणि दर खेपेनंतर ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. धार नुसती झिजत नव्हती, तिचे बारीक टवके उडत होते. केस तिरका येतो आणि पोलादाची आतली रचना एकसारखी नसते, अशा जागी. वेळोवेळी बघून नोंद ठेवली, म्हणून हे सापडलं.

तुमचा विषय वेगळा असेल. जिवती-कोरपन्याच्या कोलाम पाड्यावर कोलामी बोलणाऱ्या आजीची मुलाखत घेणार असाल, तर तिचं पहिलं, न शिकवलेलं उत्तर एकदाच मिळतं. सूचक प्रश्न विचारून बसलात की ते गेलं. जुनं हस्तलिखित असो की उत्खननाचा थर, गोष्ट तीच.

वस्तरा तयार झाला तरी तो निर्जंतुक करा आणि एकाच माणसापुरता ठेवा. आणि आराखडा लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानावर एका प्रश्नाचं उत्तर लिहा: माझ्या कामात एकदा गेलं की परत न येणारं काय आहे? ते कळलं की कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं, हे बरंचसं आपोआप ठरतं.