कानातले रोपण आणि विम्याचा कागद

कर्णबधिर मुलाला शस्त्रक्रियेने ऐकू येऊ शकते, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. खर्चाचा आकडा कळला की पालक घरातली विम्याची पॉलिसी शोधून काढतात आणि ती बहुधा शाळेतल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे वाचायला येते. दहा-वीस पानांच्या त्या मजकुरात ‘कान’ हा शब्द सापडतो, पण हवे ते उत्तर सापडत नाही. ते का, हे समजून घ्यायचे तर आधी कानाकडे आणि मग कागदाकडे पाहिले पाहिजे.

बाहेरून आलेला ध्वनी कानाचा पडदा हलवतो, तीन चिमुकली हाडे ते कंपन पुढे नेतात आणि ते पोहोचते गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या एका नळीत. हिला कर्णावर्त किंवा कॉक्लिया म्हणतात. उलगडली तर ही नळी जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात केसपेशींची रांग असते. नळीच्या तोंडाशी उंच पट्टीच्या स्वरांची जागा, तर आत टोकाशी खर्जाची. केसपेशी कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करतात आणि मज्जातंतू तो संकेत मेंदूकडे नेतो. जन्मजात तीव्र बहिरेपणात बहुतेक वेळा बिघाड असतो तो या केसपेशींत. मज्जातंतू शाबूत असतो, पण त्याला संकेत देणारेच कोणी नसते.

नेहमीचे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. केसपेशीच काम करत नसतील तर आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग थोडा. कर्णावर्त-रोपणाची रीत वेगळी आहे. कानामागे अडकवलेला ध्वनिसंस्कारक, म्हणजे प्रोसेसर, आवाज टिपून त्याचे पृथक्करण करतो. लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली एक चकती तो संकेत त्वचेपलीकडे पाठवते आणि आत बसवलेल्या यंत्रातून निघालेली तार कर्णावर्तात शिरून मज्जातंतूला थेट विजेचा हलका स्पर्श करते. निरोगी कानात संकेत देणाऱ्या आतल्या रांगेतल्या केसपेशी सुमारे साडेतीन हजार असतात, तर या तारेवर इलेक्ट्रोड असतात १२ ते २२. साडेतीन हजार पट्ट्यांची पेटी वीस पट्ट्यांवर वाजवण्यासारखेच हे! तरीही मेंदू त्यातून भाषा ओळखायला शिकतो, हे या शोधातले खरे नवल. व्हिएन्नात हॉखमायर दांपत्याने १९७७ साली आणि मेलबर्नला ग्रॅहॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक इलेक्ट्रोड असलेली रोपणे बसवली. आज जगभरात वापरली जाणारी यंत्रे मोजक्याच कंपन्या बनवतात. यंत्र महाग असण्याचे ते एक कारण आहे.

आता कागदाकडे वळू. या वस्तूला म्हणायचे काय, श्रवणयंत्र की कृत्रिम अवयव? प्रश्न भाषेचा वाटेल, पण त्यावर लाखो रुपये अवलंबून आहेत. अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या १९६५ च्या कायद्यात श्रवणयंत्राचा खर्च स्पष्टपणे वगळलेला आहे. रोपण आले तेव्हा त्याची गणना मात्र बिघडलेल्या अंतर्गत इंद्रियाचे काम करणाऱ्या कृत्रिम अवयवांत झाली आणि त्याला विमा मिळाला. बाहेरचा प्रोसेसरही त्या अवयवाचाच भाग ठरल्याने तो बदलण्याची सोयही झाली. पुढे वाद उरला तो पात्रतेचा. श्रवणयंत्र लावूनही वाक्य-परीक्षेत ४० टक्क्यांपेक्षा जास्त गुण पडणाऱ्याला तेथे रोपण मिळत नसे. २०२२ साली ही मर्यादा ६० टक्के झाली आणि तोवर ‘पुरेसे बहिरे’ नसलेले अनेक जण एका रात्रीत पात्र ठरले.

आपल्याकडे अशी स्वच्छ वाटणी नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ साली रुग्णालयाच्या बिलातल्या, सर्वसाधारणपणे न मिळणाऱ्या बाबींची लांबलचक यादी केली, तीत चष्म्याच्या शेजारी श्रवणयंत्रही बसले. शस्त्रक्रियेने आत बसवलेले यंत्र श्रवणयंत्र नव्हे, हे आपण वर पाहिलेच. पण त्याचा अर्धा भाग कानामागे दिसतो आणि दावा तपासणारा माणूस नेमके तेवढेच पाहतो. म्हणून पॉलिसीत कर्णावर्त-रोपणाचा नावानिशी उल्लेख आहे का, त्यासाठी वेगळी कमाल रक्कम ठरवली आहे का आणि बाहेरच्या भागाबद्दल काय लिहिले आहे, हे आधी शोधावे. उल्लेख नसेल तर कंपनीला पत्र घालून लेखी उत्तर मागवावे. एजंटाच्या तोंडी शब्दाला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

दुसरा अडथळा ‘जन्मजात’ या शब्दाचा. विम्याच्या भाषेत जन्मजात व्यंगाचे दोन प्रकार आहेत : शरीराच्या दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या भागातले ते बाह्य आणि तसे नसलेले ते अंतर्गत. अनेक पॉलिसी फक्त बाह्य व्यंग वगळतात. कर्णावर्त कवटीच्या हाडात दडलेले असल्याने त्यातला दोष अंतर्गतच ठरतो. कानाची पाळी नीट न बनणे ही बाह्य बाब, केसपेशी नसणे ही अंतर्गत. दावा नाकारण्याचे कारण ‘जन्मजात व्यंग’ एवढेच दिले असेल, तर हा भेद दाखवून फेरविचार मागता येतो. जन्मजात बहिरेपणाच्या निम्म्याहून अधिक उदाहरणांत कारण आनुवंशिक असते. आनुवंशिक आजार सरसकट वगळू नयेत, असे प्राधिकरणाने २०१८ आणि २०१९ साली कंपन्यांना बजावले आहे. गंमत अशी की, पॉलिसी घेतेवेळी आधीपासूनच असलेल्या ज्या आजारांना कायमचे वगळण्याची मुभा २०१९ च्या त्याच सूचनांत दिली होती, त्यांत ‘श्रवणशक्तीचा ऱ्हास’ होता!

पण सर्वांत कठीण अडथळा शब्दाचा नाही, काळाचा आहे. पॉलिसी घेण्याआधीच असलेल्या आजारासाठी कंपनी काही काळ थांबायला लावते. हा प्रतीक्षाकाळ पूर्वी जास्तीत जास्त चार वर्षे असे, २०२४ पासून तो तीन वर्षांवर आला आहे. मेंदूचेही एक वेळापत्रक असते. ऐकण्याचे केंद्र पहिल्या काही वर्षांत आवाजावरच घडते. आवाज मिळाला नाही तर ती जागा इतर कामांकडे वळू लागते. साडेतीन वर्षांच्या आत रोपण झालेल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद बहुधा ऐकणाऱ्या मुलांसारखा होतो, सात वर्षांनंतर तसे होणे अवघड. आता हिशेब मांडू. दीड वर्षाच्या मुलीचा बहिरेपणा कळला आणि वडिलांनी त्याच महिन्यात पॉलिसी घेतली. तीन वर्षे थांबल्यावर मुलगी साडेचार वर्षांची झालेली असेल. कंपनीचा नियम पाळला गेला, हप्तेही वेळेवर भरले आणि उत्तम काळ मात्र निघून गेला. बहिरेपणा लपवून पॉलिसी घेण्याचा सल्ला काही शहाणे देतात. तो मुळीच ऐकू नये, कारण तपासणीचे जुने कागद निघाले की दावाही जातो आणि पॉलिसीही. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात मात्र अनेकदा प्रतीक्षाकाळ नसतो. आई किंवा वडील कारखान्यात वा कंपनीत असतील तर हा कागद सर्वांत आधी पाहावा.

खाजगी रुग्णालयात एका कानाचा खर्च सहा-सात लाखांपासून बारा-तेरा लाखांपर्यंत जातो. ज्यांच्याकडे विमाच नाही अशांची संख्या मोठी, आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. अपंगांना साधने पुरवणारी ही योजना १९८१ पासूनची. २०१४ च्या सुधारित नियमांनी तीत कर्णावर्त-रोपणासाठी मुलामागे सहा लाखांपर्यंतची तरतूद झाली. तिची मध्यवर्ती संस्था म्हणजे मुंबईत वांद्र्याला असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. जन्मजात बहिरेपणासाठी वय एक ते पाच वर्षे आणि बोलणे आल्यानंतर बहिरेपण आले असल्यास पाच ते अठरा, अशी अट घातली गेली. कुटुंबाच्या उत्पन्नाचीही मर्यादा आहे आणि ती वेळोवेळी बदलते. केरळने २०१२ साली ‘श्रुतितरंगम’ ही स्वतःची योजना काढली. ‘निरामय’ या सरकारी आरोग्यविम्याचे नाव पालक ऐकून असतात, पण तो स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. केवळ कर्णबधिर असलेल्या मुलाला तो मिळत नाही.

शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, पुढे अनेकदा त्याची जुळवणी करावी लागते आणि ऐकायला-बोलायला शिकवणारे वर्ग वर्षानुवर्षे चालतात. आतला भाग दशकानुदशके टिकावा अशा बेताने बनवलेला असतो, पण बाहेरचा भाग घाम, धूळ, पाऊस आणि मधल्या सुट्टीतली धक्काबुक्की सोसत असतो. चकतीची तार तुटते, बॅटरी संपते. हमीचा काळ सरला की नवा प्रोसेसर घ्यायला पुन्हा काही लाख लागतात. आरोग्यविम्याची घडणच मुळी रुग्णालयात दाखल होण्याभोवती झालेली आहे आणि तार बदलायला कोणी दाखल होत नाही. त्यामुळे सहा लाखांची शस्त्रक्रिया पैसे मिळून पार पडते आणि काही हजारांच्या तारेवाचून तेच मूल वर्गात पुन्हा बहिरे होऊन बसते. आमच्या मते देखभालीच्या खर्चाची तरतूद नसलेली रोपणयोजना अर्धीच म्हणावी लागेल. तोवर बाहेरच्या भागासाठी चोरी-मोडतोडीचा वेगळा विमा मिळतो का, हे पालकांनी विक्रेत्याकडे व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे विचारावे, आणि तेही हमी संपायच्या आत.

असे मूल आपल्या वर्गात असेल तर काही कागदांच्या प्रती शाळेच्या फायलीतही असू द्याव्यात : रोपणाचे ओळखपत्र, आतल्या व बाहेरच्या भागाचे क्रमांक, हमीची शेवटची तारीख, शस्त्रक्रियेआधीचे श्रवण-आलेख. ओळखपत्राचा आणखी एक उपयोग आहे. डोक्यात लोहचुंबक असल्याने एमआरआय तपासणीपूर्वी डॉक्टरांना यंत्राचा नेमका प्रकार कळावा लागतो. सहलीला जाताना ते मुलाच्या दप्तरात असलेले बरे.