मुंबई एफसीचे सात हंगाम

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा आमच्या वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांनीही क्रिकेटच्या गर्दीतून वाट काढत त्याची बातमी छापली. बातमीत सगळीकडे तेच होतं. आयझॉल, २०१७, चमत्कार. त्याआधी हा माणूस जणू कुठे नव्हताच! संपादकांनी यंदा लहान क्लबातून मोठ्या क्लबात गेलेल्या आपल्याकडच्या प्रशिक्षकांचा आढावा मागितला आणि मी लगेच होकार दिला. त्याचं कारण एवढंच की खालिदच्या मुंबईतल्या सात हंगामांबद्दल आजवर कोणी नीट लिहिलेलं नाही.

परदेशातली उदाहरणं वाचकांना पाठ आहेत, ती उरकून घेतो. ब्रायन क्लफने डर्बी काउंटीला दुसऱ्या श्रेणीतून वर आणून १९७२ मध्ये विजेतं केलं, १९७४ मध्ये लीड्सने त्याला ४४ दिवसांत घालवलं आणि पुढे त्याच माणसाने नॉटिंगहॅम फॉरेस्टसाठी लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. फर्ग्युसन ॲबरडीनहून १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला आणि पहिला करंडक मिळायला १९९० उजाडलं. एव्हर्टनमध्ये अकरा वर्षं काढलेल्या मॉइसला त्याच युनायटेडने दहा महिनेही धड दिले नाहीत. माणसं तिन्ही कर्तबगार होती. फरक पडला तो त्यांना मिळालेल्या मुदतीने.

आपल्याकडे पहिला मान गोव्याचा. आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय लीग जिंकून दिल्या, दोन जुन्या नॅशनल लीगच्या आणि तीन आय-लीगच्या. २००८ मध्ये धेंपो एएफसी कपच्या उपांत्य फेरीत खेळला. एकाच क्लबात, एकाच माणसाच्या हाताखाली दहा-बारा वर्षं संघ घडत गेला. बॉब हॉटननंतर २०११ मध्ये कुलासोंकडे भारतीय संघ आला. अमिरातीविरुद्ध अल ऐनमध्ये आपण ०-३ हरलो आणि दिल्लीत २-२ बरोबरी केली. त्यानंतर लवकरच संघ सॅव्हियो मदेरांकडे गेला. पुढे ईस्ट बंगालने २०१३ मध्ये कुलासोंना बोलावलं. त्या हंगामात संघ आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ च्या सुरुवातीला कुलासो कोलकात्याहून परतले. डेरिक परेरांनी २००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीग मिळवून दिली, पुण्याच्या नव्या कोऱ्या क्लबला २०१२-१३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं. संतोष कश्यप एअर इंडियाकडून २०१२ मध्ये मोहन बागानला गेले, तिथे काही सामन्यांतच त्यांना बाजूला व्हावं लागलं. तेच कश्यप २०१४-१५ मध्ये शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोहला तिसऱ्या क्रमांकावर घेऊन गेले. म्हणजे माणसाला काम येत होतं. बागानमध्ये ते दाखवायला त्याला वेळ मिळाला नाही.

आता खालिद.

कुवेतमध्ये जन्मलेला, मुंबईत वाढलेला हा मधल्या फळीचा खेळाडू एअर इंडिया आणि महिंद्र युनायटेडकडून खेळला, भारताकडूनही खेळला. मुंबई एफसी हा क्लब २००७ मध्ये निघाला आणि इंग्लंडचे डेव्हिड बूथ त्याचे पहिले प्रशिक्षक झाले. खालिद त्या संघात खेळाडू म्हणून होता, पण दुखापतींनी त्याचं खेळणं थांबवलं. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. तिथून २०१५-१६ पर्यंत सलग सात हंगाम हा संघ त्याच्याकडे होता आणि सातही हंगामांत मुंबई एफसी आय-लीगमधून खाली घसरला नाही.

हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. त्या सात वर्षांत मुंबईच्या फुटबॉलची काय अवस्था होती ते आठवा. २०१० मध्ये महिंद्र कंपनीने आपला संघ बंद केला. बिमल घोष यांनी ज्या एअर इंडियात वर्षानुवर्षं पोरं घडवली, तो संघ २०१३ मध्ये आय-लीगमधून गेला. (घोष सरांना जीवनगौरव द्रोणाचार्य मिळाला तो २०२२ चा. फार उशीर केला.) कूपरेजचं काम निघालं तेव्हा मुंबईचे संघ आपले 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला खेळत होते. रात्रीच्या एसटीने पुण्याला उतरून मी तिथले काही सामने पाहिले आहेत. एवढं मोठं स्टेडियम आणि त्यात मूठभर माणसं. मैदानाच्या कडेला खालिद उभा, आणि त्याचा आवाज सरळ वर आमच्यापर्यंत यायचा. चेंडू दुसऱ्या बाजूला असतानाही तो अलीकडच्या बचावपटूला जागा दाखवत असे. दोन पावलं आत ये, मागचा बघ, आता बाहेर. नव्वद मिनिटं हेच. गोल झाला की बाकी सगळे नाचायचे आणि हा पुढच्या सेंटरसाठी मधल्या फळीला मागे बोलवायचा.

संघाचा खेळ कसा होता? चार-चारच्या दोन फळ्या, मध्ये एवढीशी फट, गोलरक्षकापुढे कायम गर्दी. चेंडू हवेतून खाली पडला की दुसरा टप्पा आपला झालाच पाहिजे, ही ताकीद. एक गोल झाला की दार बंद. धेंपो, चर्चिल, कोलकात्याचे दोघे, यांच्याकडचे परदेशी खेळाडू महाग. खालिदकडे जे कोणी परवडतील ते. कोरडवाहू शेतकरी पाऊस बघून पेरा ठरवतो, तसा हा हातातली माणसं बघून खेळ ठरवत असे.

यावर नाकं मुरडणारे तेव्हाही होते. आमच्यातलेच एक नामवंत स्तंभलेखक ह्या खेळाला 'रटाळ' म्हणत आणि मुंबईने गोव्यासारखा देखणा खेळ खेळावा असा सल्ला देत. नागपुरातल्या एका परिसंवादात माझी त्यांच्याशी जुंपलीही होती. माझं म्हणणं आजही तेच आहे. देखणा खेळ खेळायला चेंडू पायात ठेवणारी माणसं लागतात आणि ती विकत घ्यायला पैसे लागतात. पैसे नसलेल्या क्लबने आधी लीगमध्ये टिकायचं असतं. क्लब लीगमध्ये टिकला तरच पोरांना वरच्या दर्जाचा खेळ मिळतो. जयेश राणे, आशुतोष मेहता ही पोरं तिथेच तयार झाली. स्टीव्हन डायससारखा खेळाडू तिथे खेळला आणि पुढे खालिदचा सहायकही झाला. रटाळ संघातून एवढी माणसं कशी निघतात, याचं उत्तर त्या स्तंभलेखकांनी अजून दिलेलं नाही.

२०१६ मध्ये क्लबने खालिदला निरोप दिला. पुढे जे झालं ते एका हंगामाच्या तक्त्यात वाचता येतं. २०१६-१७ मध्ये दहा संघांच्या आय-लीगमध्ये मुंबई एफसी शेवटचा आला, खाली घसरला आणि क्लबच मिटला. त्याच तक्त्यात सगळ्यात वर होता आयझॉल, आणि त्याचा प्रशिक्षक होता खालिद.

आयझॉल तरी तिथे कसा पोहोचला? आदल्या वर्षी हा संघ खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्यांना परत बोलावलं गेलं. खालिदने राणे आणि मेहताला मुंबईहून सोबत नेलं. सीरियाचा महमूद अल अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, गोलात गोव्याचा आल्बिनो गोम्स आणि बाकी मिझो पोरं. २२ एप्रिल २०१७ ला आयझॉलच्या डोंगरावरच्या राजीव गांधी स्टेडियमवर मोहन बागान आला. ८३ व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्ते या बचावपटूने डोक्याने गोल केला. १-०, दार बंद. आठवड्याने, ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये लाजाँगने आधी गोल केला, विल्यम लालनुनफेलाने तो फेडला, १-१. १८ सामन्यांत ३७ गुण, बागानचे ३६. ईशान्येकडचा क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला. मुंबईत ज्या खेळाला रटाळ म्हणत होते, तोच खेळ होता हा. फक्त डोंगरात त्याला धावणारे पाय आणि भरलेलं मैदान मिळालं.

मग ईस्ट बंगाल. खेळाडू असताना कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांच्या नावापुढे मद्य कंपन्या होत्या म्हणून खालिद तिकडे गेला नव्हता. २०१७ मध्ये तो प्रशिक्षक म्हणून गेला, अल अमनाला घेऊन. ईस्ट बंगालने २००३-०४ नंतर राष्ट्रीय लीग जिंकलेली नव्हती, त्यामुळे गावभर घाई. खालिदने कलकत्ता लीग जिंकली. आय-लीगमध्ये मोहन बागानविरुद्धचे दोन्ही सामने हरला आणि तिथेच त्याचा निकाल लागला. विजेत्या मिनर्व्हाचे गुण ३५, ईस्ट बंगालचे ३१. एका वर्षी एका गुणाने जिंकलेला प्रशिक्षक दुसऱ्या वर्षी चार गुणांनी चुकला, आणि 'लहान क्लबचाच कोच आहे, मोठं ओझं पेलवत नाही' असं लिहिणारे लगेच उगवले. २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यावर मोहन बागानने बोलावलं. मोडलेला हंगाम सावरण्यापलीकडे तिथे काही करण्यासारखं नव्हतं.

पेलवत नाही म्हणणाऱ्यांनी पुढचंही वाचायला हवं होतं. जानेवारी २०२१ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षक हटवून खालिदला तात्पुरतं बसवलं. लीगमधला उरलेला एकही सामना संघ हरला नाही, थेट उपांत्य फेरीत गेला. आयएसएलमध्ये भारतीय प्रशिक्षकाने संघ तिथवर नेण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षी तो आयएसएलचा पहिला कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक झाला. पुढचा हंगाम वाईट गेला, ते मी लपवत नाही. २०२३ च्या अखेरीस जमशेदपूरने तळाकडे चाललेला संघ त्याच्याकडे दिला. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर उपांत्य फेरीत. मोहन बागानला घरी २-१ हरवलं, कोलकात्यात भरपाई वेळेत दुसरा गोल खाऊन बाहेर. सुपर कपमध्ये अंतिम फेरी, तिथे एफसी गोवाकडून हार. मग भारतीय संघ. मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरलो आणि आशियाई कपचं दार बंद झालं, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. लगेच जुनी वाक्यं नव्या तारखेने छापून आली. राष्ट्रीय संघाला वर्षातून मोजके दिवस सराव मिळतो. दोन पावलं आत ये, हे शिकवायला खालिदला मुंबईत हंगामामागून हंगाम मिळाले होते.

माझी खरी काळजी पुढची आहे. महिंद्र नाही, एअर इंडियाचा तो संघ नाही, पुणे एफसी नाही, मुंबई एफसी नाही. मुंबईत एक श्रीमंत क्लब आहे आणि तो परदेशी प्रशिक्षक आणतो. कोल्हापुरात तालमींचा फुटबॉल अजून तगून आहे, शाहू स्टेडियम अजून भरतं. नागपूरचे क्लब आणि विजय बारसे सरांचं वस्त्यांमधलं काम आहे. पण शिकाऊ प्रशिक्षकाला सात हंगाम चुका करू देईल असा, देशाच्या वरच्या लीगमधला लहान क्लब महाराष्ट्रात उरलेला नाही.

आणि आमचा बुलढाणा? घाटावर काय अन् घाटाखाली काय, फुटबॉल म्हणजे सुब्रोतो चषकापुरता. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदानावर फक्की पडते, मुरमात पोरांचे गुडघे फुटतात, जिंकलेली शाळा अमरावतीला विभागाला जाते आणि बहुधा पहिल्याच सामन्यात परत येते. पोरं कमी नाहीत. मलकापूर, खामगावची काही पोरं मी अशी पाहिली आहेत की त्यांना दोन वर्षं एकच सर मिळाले असते तर ती नागपूरला खेळली असती. सर दरवर्षी बदलतात. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला जातो. एका संस्थेत तर माझ्या हाती संघ तयार होत आला असताना 'निकाल काय?' म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे दिला गेला.

म्हणून जिल्ह्यातल्या संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना माझी जाहीर विनंती आहे. येत्या वर्षी आपल्या एका तरुण क्रीडाशिक्षकाला फुटबॉलच्या 'डी' परवान्याच्या अभ्यासक्रमाला पाठवा, त्याची फी शाळेने भरा. परत आल्यावर त्याच्याकडे आठवीची मुलं द्या आणि ती दहावी होईपर्यंत संघ त्याच्याकडून काढून घेऊ नका. जिल्हा स्पर्धेत पहिल्या वर्षी हरला तरी.