घरगुती कपॅसिटर : तेलाआधी हवेचा हिशेब

आज तेल भरायचं ठरलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. एका वाचकांची शंका आधी मिटवायला हवी. ते विचारतात : 10 किलोव्होल्टसाठी आपण पॉलिथिनचा अर्धा मिलिमीटर थर घेतला, पॉलिथिन त्याहून बरंच जास्त सोसतं, मग तेलाचा चिकट उपद्व्याप कशाला? फारच भीती वाटत असेल तर थर दुप्पट करू. शंका रास्त आहे, पण ती पॉलिथिनची ताकद मोजते आणि फॉइलखाली अडकलेली हवा विसरते. घरी गुंडाळलेल्या फॉइलला सुरकुत्या पडतातच. तिथे हवा आणि पॉलिथिन एकामागोमाग जोडले जातात आणि पॉलिथिनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे 2.25 असल्यामुळे हवेतलं विद्युतक्षेत्र पॉलिथिनमधल्या क्षेत्राच्या सव्वादोन पट होतं. म्हणजे जो दुबळा, त्याच्याच डोक्यावर जास्त ओझं. 0.1 मिलिमीटर सापटीच्या वाट्याला सुमारे 3 किलोव्होल्ट येतात. ती फुटायला साधारण 1 किलोव्होल्ट पुरतो. थर दुप्पट केला तरी सापटीवर 1.8 किलोव्होल्ट उरतात, आणि धारिता मात्र जवळपास निम्मी होते. हा सौदा तोट्याचाच.

यावर कोणी म्हणेल, सापट बारीक असेल तर हवा अधिक सोसते. खरं आहे, भौतिकशास्त्रज्ञ पाशेनने 1889मध्ये हेच दाखवलं. सापट पुरेशी बारीक करत गेलं तर शेवटी सुमारे 330 व्होल्टच्या खाली हवा फुटतच नाही. पण आपल्या गुंडाळीत 0.01 मिलिमीटर सापटीवरही 400हून जास्त व्होल्ट येतात. तेवढी घट्ट गुंडाळी हाताने जमवणं कठीण, आणि जमली तरी फॉइलची कड उघडी राहतेच. काच घेतली तर स्थिरांक 5 ते 7, म्हणजे हवेची आणखीच दैना. मिठाच्या पाण्याच्या बाटल्यांचे कपॅसिटर तरीही चालतात, कारण पाणी काचेला चिकटून बसतं, मध्ये हवा उरत नाही. ठिणगी निघते ती पाण्याच्या वरच्या रेषेशी, म्हणून तिथे तेलाचा थर देतात.

मग काहींचे कोरडे कपॅसिटर डीसीवर वर्षानुवर्षं कसे टिकतात? सापट एकदा फुटली की पॉलिथिनच्या पृष्ठभागावर भार साठतो, सापटीतलं क्षेत्र मारतो आणि प्रकार थांबतो. (असा कपॅसिटर शाबूत राहतो म्हणूनच जीवघेणा : ठिणगी काढून रिकामा केला तरी काही वेळाने टोकांवर पुन्हा भार येतो. टोकं तारेने जोडूनच ठेवावीत.) टेस्ला कॉइलमध्ये मात्र व्होल्टेज सतत उलटतं, दर वेळी सापट नव्याने फुटते आणि पॉलिथिन कुरतडलं जातं. टेस्लाने 1891मध्ये पेटंट घेतलेला कंडेन्सर तेलात बुडवला होता, तो हवा हटवण्यासाठीच. तेलाचा स्थिरांक सुमारे 2.2, पॉलिथिनच्या जवळचा. त्यामुळे सापटीत तेल असेल तर तिथे क्षेत्र वाढत नाही, आणि तेल हवेपेक्षा कितीतरी अधिक सोसतं. अर्थात वरून तेल ओतलं की हवा निमूट निघून जाते असं नाही. गुंडाळीच्या पोटातले बुडबुडे बाहेर कसे काढायचे, ते पुढच्या वेळी.